पहिली रायफल कोण निवडतो?
भंडारा जिल्ह्यातील बंदुकांच्या इतिहासाचा एक धागा

धानाच्या मुलखात बंदूक ही अपूर्वाईची वस्तू नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या माहितीच्या बऱ्याच जुन्या घरांत, मालगुजाराच्या वाड्यात तर हमखास, एक बंदूक असे. आमच्याही घरी बारा बोअरची एकनळी होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की परत यायची. मात्र या घरांत रायफल मला जवळजवळ कुठेच आढळली नाही. जिथे आढळली, तिथे ती एकाच बोअरची होती, .३१५. मोठ्या माणसांना कारण विचारले तर ‘रायफलचं लायसन मिळत नाही’ एवढेच उत्तर मिळे. का मिळत नाही, आणि मिळाले तर .३१५ चेच का, हे कुणी सांगत नसे. नेमबाजी शिकणारी जिल्ह्यातली मुले आज मला ‘पहिली मोठ्या बोअरची रायफल कोणती घ्यावी?’ असे विचारतात, तेव्हा हेच जुने प्रश्न समोर येतात. त्यांची उत्तरे शोधू गेलो तर शिकारीच्या पुस्तकांपेक्षा कायद्याच्या पुस्तकांतच जास्त सापडली.

आधी शब्द नीट समजून घेऊ. बंदुकीच्या नळीच्या आतल्या अंगाला पीळदार खाचा पाडलेल्या असतात, त्यांना आपण आटे म्हणतो. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहून सरळ जाते. आटे असले तर ती रायफल, नळी गुळगुळीत असली तर साधी बंदूक. बारा बोअरच्या बंदुकीतले छर्रे पस्तीस-चाळीस मीटरपुढे विखुरतात. साधारण रायफलीची गोळी दोनशे मीटरवरच्या सांबराला नेमकी लागू शकते. दुसरा भेद काडतुसाचा. ज्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी बसवलेली असते आणि तिच्यावर सुई आदळून ठिणगी पडते, ते सेंटरफायर. .२२ च्या छोट्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या काठात पसरलेला असतो, ते रिमफायर. सुईच्या ठोक्याने काठ चेपावा लागतो, म्हणून तो पातळ ठेवतात, आणि पातळ काठाला फार दाब सोसत नाही. त्यामुळे मोठ्या जनावरासाठी किंवा लांबच्या निशाणासाठी सेंटरफायरच लागते. बारा बोअरचे काडतूसही सेंटरफायरच असते, पण नळीत आटे नसल्याने ती रायफल ठरत नाही.

आटे काढलेल्या बंदुका

या देशात राज्यकर्त्याला आट्यांची भीती वाटू लागली ती १८५७ पासून. काडतुसाला लावलेल्या चरबीची गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ती चरबी लागत होती आट्यांमुळेच, हे मात्र क्वचित सांगितले जाते. नव्या एन्फिल्ड रायफलीच्या आट्यांत गोळी घट्ट बसावी आणि तरीही नळीच्या तोंडातून सहज आत जावी, म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावत. उठाव शमल्यावर सरकारने देशी पलटणींसाठी जी एन्फिल्ड तयार करवली, तिचे बाह्यरूप तेच होते, पण नळीला आटे नव्हते. गोऱ्या सैनिकाकडे रायफल आणि काळ्या शिपायाकडे तशीच दिसणारी गुळगुळीत नळी, अशी ती व्यवस्था होती. पुढेही बरीच वर्षे देशी पलटणींच्या हातातले हत्यार गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागे राहील, असे पाहिले गेले.

भंडारा तेव्हा नुकताच इंग्रजी अमलाखाली आला होता. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यात सातपुड्याच्या पायथ्यापासून वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंतची जंगले एका कारभाराखाली आली. शिकारी इंग्रज अधिकाऱ्यांना हा प्रांत म्हणजे पर्वणीच होती. याच प्रांतात नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६० च्या दशकात शिकारीच्या रायफलीवर आणि तिच्या गोळ्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे दुसरे प्रसिद्ध पुस्तक १८७१ मध्ये निघाले. रायफल कशी निवडावी याचा इतका पद्धतशीर विचार आपल्या भागातल्या अनुभवावरून त्यापूर्वी कुणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याचा भर मोठ्या व्यासाच्या जड गोल गोळीवर आणि सावकाश पिळाच्या आट्यांवर होता. दाट जंगलात जनावर जवळच दिसते, म्हणून लांब पल्ल्यापेक्षा जागीच लोळवणारा आघात महत्त्वाचा, हे त्यामागचे तर्कशास्त्र. जनावर, जंगल आणि अंतर या तीन गोष्टींवरून रायफल ठरवायची, ही फोर्सिथची रीत आजही बरोबर आहे. पण ती रीत वापरण्याचे स्वातंत्र्य त्याला होते, भंडाऱ्याच्या मालगुजाराला नव्हते.

कारण १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना परवान्यातून सूट मिळाली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. उघड वंशभेद नियमांतून गेला तो पहिल्या महायुद्धानंतर. नागपुरात १९२७ मध्ये मंचरशा आवारी यांनी याच कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. शस्त्रे घेऊन उघडपणे रस्त्यावर उतरायचे आणि अटक करून घ्यायची, असा तो मार्ग होता. शस्त्र हाती घेऊन केलेला हा सत्याग्रह गांधीजींना पटला नाही. पण १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदवलेला होता. आपल्या आजच्या राज्यघटनेत तो हक्क नाही.

शत्रूचे काडतूस चालते, आपले चालत नाही

परवाना मिळाला तरी प्रश्न सुटत नसे. कोणती रायफल घ्यायची, हे तिच्यात कोणते काडतूस बसते त्यावर ठरे. काडतुसाविना रायफल म्हणजे लोखंडी काठी. म्हणून सरकारने आपले लक्ष काडतुसांवर ठेवले. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. वायव्य सरहद्दीवर टोळीवाल्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफली पोचल्या होत्या, त्यांना .४५० चा दारूगोळा मिळू नये हा हेतू. वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी .४५० च्या भारी दुनळ्या रायफली तेव्हा फार लोकप्रिय होत्या. ही बाजारपेठ गमावू नये म्हणून इंग्लंडमधल्या बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे काढली. पुढे आफ्रिकेच्या शिकारकथांत दिमाखाने मिरवलेली .४७० ही खरे तर हिंदुस्थानातल्या एका सरकारी बंदीची संतती आहे.

.३०३ च्या बाबतीत तर ही सावधगिरी आणखी कडक होती. १८८८ पासून .३०३ हे इंग्रज सैन्याचे काडतूस. शस्त्रागारातून किंवा शिपायाच्या पट्ट्यातून चोरीला गेलेले काडतूस ज्या रायफलीत बसेल, ती रायफल सामान्य प्रजेच्या हाती नको, हे सूत्र. याचा परिणाम मोठा विलक्षण झाला. इंग्रजी सैन्याचे काडतूस चालत नव्हते, पण परक्या सैन्यांची काडतुसे चालत होती, कारण ती इथल्या कोठारांत नव्हतीच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. ती ७ मिलिमीटर माउझर काडतुसाची, म्हणजे काही वर्षांपूर्वी बोअर युद्धात ज्या काडतुसाने इंग्रजांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच काडतुसाची.

.३१५ चे मूळही असेच परदेशी. .३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. हे मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे मानलिखर काडतूस, १८९० च्या आसपासचे. जनावरावर चालण्याइतपत जोर त्यात होता. गोळी सुमारे २४४ ग्रेन, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम वजनाची आणि वेग सेकंदाला सुमारे २,००० फूट. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने इंग्रजी सैन्याच्या ली पद्धतीच्या बोल्टवरच, पण या काडतुसाच्या मापाची नळी बसवून, हिंदुस्थानच्या बाजारासाठी रायफली बनवल्या. अंग .३०३ चे आणि पोट मानलिखरचे, अशी ही रायफल. ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी जन्मलेले काडतूस अशा रीतीने हिंदुस्थानचे जंगली काडतूस झाले. त्याची निवड कुठल्या शिकाऱ्याने केली नव्हती, .३०३ वरच्या बंदीने केली होती.

तरीही ज्याला ती मिळाली त्याचे तिने वाईट केले नाही. १९३० च्या दशकात आपल्या भागात पहिली सेंटरफायर रायफल घेणाऱ्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. चितळ, सांबर, रानडुक्कर, बिबट यांना .३१५ पुरेशी होती. धक्का बेताचा, वजन खांद्याला पेलणारे, बोल्ट मजबूत. गवा किंवा वाघ पायी शोधायचा तर जाणते लोक १९१२ पासून मिळणारी .३७५ किंवा चारशेच्या पुढची दुनळी पसंत करत, पण तिची किंमत आणि तिच्या काडतुसांची किंमत गावच्या मालगुजाराच्या आवाक्यातली नव्हती. मधला मार्ग म्हणून पॅराडॉक्स नावाची एक बंदूकही होती. कर्नल फॉस्बरी यांनी १८८५ मध्ये पेटंट घेतलेल्या या बंदुकीची नळी गुळगुळीत असे आणि तोंडाजवळच्या शेवटच्या काही इंचांतच आटे असत. एकाच नळीतून छर्राही उडे आणि गोळीही. आणि या साऱ्यांवर शेवटचा निकष एकच: नागपूरच्या दुकानात काडतूस मिळते का? न मिळणाऱ्या काडतुसाची उत्तम रायफल भिंतीवरच शोभते.

स्वतंत्र देशाचा कायदा

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. शस्त्रांचा नवा कायदा १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. या कायद्याचे तेरावे कलम मी अनेकदा वाचले, कारण आमच्या घरांत रायफल का नव्हती याचे उत्तर तिथे आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल: या मागण्यांना, नकाराचे कारण नसेल तर, परवाना द्यावा असे कलम सांगते. बाकी कोणत्याही हत्यारासाठी अर्जदाराकडे ‘योग्य कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. सेंटरफायर रायफल या ‘बाकी’त मोडते. १८५७ नंतर शिपायाच्या नळीतून आटे काढणारा हात आणि हे कलम लिहिणारा हात वेगळे, पण दोघांनी रेघ एकाच जागी ओढली.

बोअरचे सूत्रही तसेच राहिले. नियमांनी .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर, म्हणजे सैन्याची काडतुसे ज्यात बसतील अशा रायफली सामान्य परवान्याबाहेर ठेवल्या. जगात अनेक देशांत नवशिक्या शिकाऱ्याला पहिली म्हणून सुचवली जाणारी .३०८ इथे त्यामुळेच मिळत नाही, ती ७.६२ चीच बहीण. उलट अमेरिकन सैन्याची .३०-०६ चालते, कारण आपल्या सैन्याने ती स्वीकारलेली नाही. १९८० च्या दशकात सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयातही थांबली. मग निवड उरली ती सरकारी कारखान्यांच्या मालाची: इच्छापूरची .३१५ आणि तिच्यासाठी खडकीच्या कारखान्याची ८ मिलिमीटरची काडतुसे. साहेबाने आपल्या भीतीपोटी स्वीकारलेले ऑस्ट्रियाचे काडतूस स्वतंत्र भारताच्या कारखान्यात तयार होत राहिले.

या साखळीत भंडाऱ्याचा वाटा आहे. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ चा. गोळीला ढकलणारी धूररहित दारू आणि स्फोटके हे त्याचे काम. जिल्ह्यातल्या कित्येक घरांची चूल त्यावर चालते, आणि २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात ज्या घरांतला माणूस गेला त्यांनी त्याची किंमतही मोजली आहे. दारू बनवण्याचे हात या जिल्ह्याचे आहेत, पण तिच्यावर चालणाऱ्या रायफलीशी इथल्या माणसाचा संबंध फारसा आला नाही.

जंगल बंद, बांध उघडे

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर चालणारी हौसेची शिकार पूर्ण थांबली. ते योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून पुस्तक लिहिले, तेव्हाच आपल्या साहित्याने मचाण सोडून पाणवठ्याकाठी बसायला सुरुवात केली होती. पुढे २०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला आणि २०१३ मध्ये कोका अभयारण्य झाले. त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकाने आपली नोंद मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायची असते, आणि त्या कक्षेत नवा परवाना त्यांच्या संमतीशिवाय देता येत नाही. नकाशावर ही वर्तुळे काढून पाहावीत. आपल्या जिल्ह्यातली किती गावे त्यांत येतात, ते सहज दिसते.

पण रानडुक्कर अभयारण्याची हद्द वाचत नाही. धान निसवायला आले की बांध्यांत डुकरांचे कळप उतरतात, काही भागांत रोही येतात. कायद्याचे अकरावे कलम उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यांना देते. कागदावर मार्ग आहे, पण तो चालायला परवान्याची बंदूक आणि ती चालवणारा शिकलेला हात लागतो. जुन्या एकनळ्या वारसांनी जमा करून टाकल्या, नव्या मिळत नाहीत. मग शेतकरी रात्रभर डबे वाजवतो, फटाके उडवतो, आणि कुणीतरी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि शेजारचा माणूस यांतला फरक कळत नाही. विदर्भात या तारांनी वाघही मारले आहेत आणि माणसेही. परवान्याची बंदूक नाकारल्याने गावातले मारण्याचे साधन संपत नाही. ते नोंदवहीतून तेवढे निघून जाते.

याचा अर्थ प्रत्येक बांधावर .३१५ हवी असा नाही. इथे गुळगुळीत नळीच्या बाजूने बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. भंडाऱ्याची शेते सपाट, वाड्या-वस्त्या जवळजवळ. रायफलीची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. बारा बोअरचा छर्रा लवकर दमतो. पिकाच्या राखणीला कायद्याने गुळगुळीत नळी सुचवली, त्यात संशयाइतकाच शहाणपणाही आहे. माझी तक्रार एवढीच, की जिथे शहाणपण आहे आणि जिथे केवळ दीडशे वर्षांचा संशय आहे, त्या दोन जागा आपण कधी वेगळ्या करून पाहिल्या नाहीत.

मग आज काय घ्यावे?

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळतो. शिकारीसाठी काहीच घेऊ नये, कारण शिकार नाही. निशाणासाठी सुरुवात सेंटरफायरने करू नये. मोठ्या बोअरच्या धक्क्याने नवशिका चाप ओढण्याआधीच दचकायला शिकतो आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. दहा मीटरची एअर रायफल, मग पन्नास मीटरची .२२, हा क्रम खेळाचाही आहे आणि कायद्याचाही. २०१० मध्ये जागतिक विजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे, दोघेही कोल्हापूरकडचे, आणि दोघांचेही यश पन्नास मीटरवरच्या .२२ रायफलीचे. ज्या संघटनेच्या छत्राखाली हा खेळ वाढला, ती राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, त्यात लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचा पुढाकार होता. नागरिकाने रायफल चालवणे ही संशयाची नव्हे, शिस्तीची गोष्ट असू शकते, हा विचार त्या स्थापनेत होता.

सेंटरफायरची जागा त्यानंतर, तीनशे मीटरवर. १९७२ च्या म्युनिकनंतर ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक स्पर्धांत आहे. तिथे बोअरची मर्यादा आठ मिलिमीटर. आपली .३१५ या मर्यादेत जेमतेम बसते, पण तिथे जिंकतात त्या ६ मिलिमीटरच्या आसपासच्या हलक्या धक्क्याच्या रायफली. तेव्हा .३१५ कुणाकडे वारशाने आली असेल तर तिने मोठ्या बोअरची शिस्त जरूर शिकावी: तिची माशी, तिचा बोल्ट, तिचा संथ, जड फटका. पण ती अचूकतेसाठी निवडलेली रायफल आहे, असा भ्रम ठेवू नये.

जनावर, अंतर, खांदा आणि खिसा पाहून रायफल निवडावी, असे जगभरची पुस्तके सांगतात. आपल्याकडे या चारांच्या आधी पाचवी गोष्ट येते: राज्यकर्त्याला आपल्या माणसांची किती भीती वाटते. .४७० तिथूनच आली, .३१५ तिथूनच आली, आणि आमच्या भिंतीवरची गुळगुळीत नळीही. जवाहरनगरची दारू, खडकीचे काडतूस आणि इच्छापूरची नळी आपलीच आहे. ज्या यादीतून निवडायचे ती यादी मात्र आजही आपण केलेली नाही. ती करायची असेल तर एका हाती पिकाचा पंचनामा आणि दुसऱ्या हाती वाघांची गणना घेऊन बसावे लागेल, आणि त्या बैठकीत १८५७ ला जागा नसावी.